देवीच्या दारात वाचलेलं पत्र

माझा देवावर विश्वास आहे, असं त्या काळात मी छातीठोकपणे सांगू शकलो नसतो. लहानपणापासून मी बोलताना अडखळतो. आईबरोबर रोज संध्याकाळी स्तोत्र म्हणताना माझी जीभ कधी अडली नाही. पण परक्या माणसाला स्वतःचं नाव सांगायचं म्हटलं की पहिलं अक्षरच घशात रुतून बसायचं. स्तोत्र वदवून घेणारा देव दोन साधी वाक्यं का बोलू देत नाही, या विचारानं मी आतून कडवट झालो होतो.

साठचं दशक संपत आलं होतं. आम्ही अंधेरीला चाळीत राहायचो. मी बी.एस्सी. झालो होतो, आणि वडिलांना हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यापासून सगळं घर माझ्या नोकरीकडे डोळे लावून बसलं होतं. दोन मुलाखती वाया गेल्या होत्या. दुसऱ्या वेळी एक साहेब हसून म्हणाले होते, "अहो, नाव तरी सांगता येतंय का?" ते हसू झोपेतही माझी पाठ सोडत नव्हतं. अशात ट्रॉम्बेच्या एका रसायनांच्या कारखान्यातून प्रयोगशाळा सहायकाच्या जागेसाठी बोलावणं आलं.

आदल्या दिवशी दुपारी उत्तरांची वही घेऊन मी वेसाव्याच्या किनाऱ्यावर गेलो. चाळीत मोठ्यानं सराव केला की शेजारी डोकवायचे. तिथं कोळ्यांच्या देवीचं एक लहानसं देऊळ होतं. त्याच्या ओट्यावर बसून मी स्वतःचं नाव म्हणू लागलो. वीस वेळा म्हटलं, वीसही वेळा अडलो. शेवटी वही आपटली आणि देवीकडे बघून पुटपुटलो, उद्या लाज राखणार नसशील तर तुझा माझा संबंध संपला.

"कोनाशी बोलतो रं पोरा?"

मागं एक वयस्क कोळीण उभी होती. माझ्यापुढची वही बघून ती पुढं आली आणि कमरेच्या ओच्यातून तिनं एक अंतर्देशीय पत्र काढलं. "माज्या पोरीचा हाय, रत्नांग्रीवरशी. बालंतपनाला अडली व्हती, एवडंच कललं व्हतं. वाचून दावनारा मास्तर गावाला गेलाय. सकालपासून देवीला सांगतेय, कुनाला तरी धाड."

"मावशी, म... मला वाचताना..." पुढचं बोलताच येईना. मी पत्र परत करू लागलो.

तिनं ते घेतलं नाही. ओट्यावर बैठक मारली. "घाई नाय मना. वाच तू."

मी वाचू लागलो. दर दुसऱ्या शब्दाला अडत होतो. एरवी लोक माझे शब्द स्वतःच पुरे करून टाकायचे. ही बाई मात्र माझ्या तोंडाकडे बघत नुसती थांबायची. एका ओळीत 'सुखरूप' शब्द आला आणि 'सु'वरच माझी वाचा बसली. तिनं पदर मुठीत आवळला होता. तो शब्द माझ्या तोंडून बाहेर येईपर्यंत तिची लेक जगली की गेली, हे तिला कळणार नव्हतं. तरीही ती थांबली. त्या क्षणी मी स्वतःला विसरलो. जीभ सुटली. "...सुखरूप आहे. मुलगी झाली. दोघीही बऱ्या आहेत."

ती हमसून हमसून रडली. मग देवीपुढं डोकं टेकून म्हणाली, "आयशी, बरा धाडलास गं यास!"

मी देवीशी भांडत होतो, आणि दुसऱ्याच कुणाच्या प्रार्थनेचं उत्तर होऊन तिथं बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी तीन साहेबांसमोर बसलो. नाव विचारलं गेलं आणि मी अडलोच. एकानं हातातली पेन्सिल टेबलावर वाजवायला सुरुवात केली. पण या वेळी मी मान खाली घातली नाही. "साहेब, मी अड... अडखळतो. उत्तरं मला येतात. थोडा वेळ द्या." पेन्सिल थांबली. मधले साहेब म्हणाले, "सावकाश सांगा." अर्धा तास त्यांनी विचारलं आणि मी माझ्या गतीनं सांगितलं.

महिन्याभरानं नेमणुकीचं पत्र आलं. निवृत्त होईपर्यंत मी तिथंच काम केलं. अडखळणं गेलं नाही, आजही आहे. नंतर दोनदा वेसाव्याला जाऊन आलो, पण ती मावशी भेटली नाही. तिचं नाव विचारायचंही मला सुचलं नव्हतं.

त्या दुपारपासून देवापुढं उभा राहिलो की अटी घालत नाही. हात जोडतो आणि एवढंच म्हणतो, जिथं माझी गरज असेल तिथं मला ने. आजवर त्यानं कुठंही चुकीच्या दारात उभं केलेलं नाही.