बशीरचाचांनी कापलेली नखी

बशीरचाचा गिटारची नखी विकण्याआधी गिऱ्हाइकापुढे मीठ ठेवायचे. काउंटरवर कागदाचा कपटा, त्यावर थोडे मीठ, आणि म्हणायचे, "चिमूट उचला बघू. भाजीत टाकता तशी." कॉलेजची पोरे हसायची. चाचा हसायचे नाहीत. ते फक्त अंगठा आणि त्याच्याजवळचे बोट बघायचे.

नखी म्हणजे तारा छेडायचा तो छोटा तिकोनी तुकडा. पोरे त्याला पिक म्हणतात. चिमूट बघून झाली की चाचा विचारायचे, "सगळ्या तारा एकदम झणाणा वाजवायच्या हायत, का एकेका तारंवर सूर काढायचाय?" मग डब्यातून एकच नखी काढून द्यायचे. गाण्याला साथ करणाऱ्याला पातळ, वाकणारी. एकेक सूर काढणाऱ्याला जाड, न वाकणारी. कोणाच्या हाताला घाम येत असेल तर पॉलिश पेपरवर घासून खरबरीत केलेली. एकदा एक मुलगा चित्र छापलेलीच नखी पाहिजे म्हणून हटून बसला. चाचा म्हणाले, "चित्र वाजवनार हाय का तू?"

चाचा गेले. मंगळवारी दुपारी त्यांची मुलगी जरीना हिचा इंदापूरहून फोन आला. "अब्बा गेले, ताई," एवढेच ती बोलली. मी त्यांच्या दुकानात शिलाई मशीनवर होते. फोन ठेवला आणि पुढची शिवण घातली. मला वाटले, मला काहीच झालेले नाही. नंतर बघते तर मी गिटारच्या खोळीचे तोंडच शिवून टाकले होते.

बारामतीत त्यांचे वाद्यांचे दुकान आहे. मागच्या बाजूला बसून मी तबल्याच्या, पेटीच्या, गिटारच्या खोळी शिवते, जाड कडा दाभणाने. नोकरी मागायला गेले तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. चाचा म्हणाले, "बोलायचं काम न्हाय हितं. शिवन सरळ येती का?" मी मान हलवली. तेवढ्यावर त्यांनी मला ठेवून घेतले.

माझ्या मुलीचे लग्न झाले आणि तिची गिटार आमच्या जळोचीच्या घरी राहिली. तिने मला बोटे कुठे ठेवायची ते थोडे दाखवले होते. सगळे कामाला गेले की मी दार लावून घेई आणि आई जात्यावर म्हणायची त्या ओवीची चाल शोधत बसे. एका तारेवर, मग दुसरीवर. लासुर्ण्याला माहेरी आईचा आवाज ओट्यापर्यंत यायचा. तो मला तारेत सापडायला लागला, तेव्हा मी घाबरूनच गेले.

हे मी कोणाला सांगितले नव्हते. पण मुलीची नखी हरवली, म्हणून एक दिवस धीर करून चाचांना म्हणाले, "एक नखी पाहिजे होती. मलाच."

चाचांनी मीठ काढले नाही. काही विचारलेही नाही. डब्यातली एक पातळ नखी माझ्या मशीनवर ठेवली आणि म्हणाले, "ही घ्या. मऊ वाजंल." आणि लगेच दुसरीकडे बघायला लागले.

त्या नखीने मी दोन वर्षे वाजवले. तार छेडली की नखीच वाकायची. सूर यायचा तो कागद फडफडल्यासारखा, आणि लगेच मरायचा. मला वाटले, दोष माझाच. चाचांची नखी चुकेल कशी? वडगाव निंबाळकरपासून लोक त्यांच्याकडे येतात. माझ्याच हातात काही नाही, हे वय हे करायचे नाही, असे मी स्वतःला सांगितले. एका सकाळी गिटार उचलली आणि दुकानात नेली.

"चाचा, ही विकायची आहे."

"का वो, ताई?"

"मला जमत नाही."

त्यांनी चष्मा वर केला आणि गिटार उजेडाला धरली. तारांवरून बोट फिरवले. परत फिरवले. दुकानात दोन गिऱ्हाइके उभी होती.

"ह्या दोनच तारा झिजल्यात," चाचा म्हणाले. "बाकीच्यांना हातबी लागल्याला न्हाय. ताई, तुमी साथ न्हाय करत. तुमी चाल वाजवता?"

मी मान खाली घातली. "ओवीची," म्हणाले.

"या अल्ला," असे म्हणून ते स्टुलावर बसले. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटले, त्यांना काही त्रास होतोय. मी पाणी आणायला निघाले, तर म्हणाले, "बसा. माझी चूक झाली. परक्या बाईच्या हाताकडं टक लावून बघायचं न्हाय, आमाला असं शिकवल्यालं. म्हनून मी तुमच्या म्होरं मीठ ठेवलं न्हाय. तुमी हळू बोलता, म्हंजी हळूच वाजवत आसाल, आसं धरून चाललो. काय वाजवता एवढंबी इचारलं न्हाय. दोन वरसं तुमच्या हातात चुकीची नखी दिली मी."

माझ्या बापाच्या वयाचा माणूस, गिऱ्हाइकांसमोर, माझ्याकडे बघून हे बोलत होता. माझ्या आयुष्यात कोणा मोठ्या माणसाने मला 'माझी चूक झाली' म्हटलेले नाही. मला पळून जावेसे वाटले. मी म्हणाले, "असू द्या, चाचा, काही बिघडलं नाही."

"बिघडलं न्हाय?" ते एकदम चिडले. "इकायला निघाला हुता तुमी, आन् म्हनं बिघडलं न्हाय!"

मग त्यांनी कागदावर मीठ ठेवले. "रागावू नका, ताई. आज मी बघनार हाय." मी चिमूट उचलली. निम्मे मीठ सांडले. चाचा म्हणाले, "रोज दाभण वढनारा हात हा. आन् मी त्याला पातळ दिली."

दुकानातल्या कुठल्याच जाड नखीवर त्यांचे मन बसेना. शेवटी त्यांनी फडताळातून म्हशीच्या शिंगाची एक जुनी फणी काढली, तिचा जाड कणा करवतीने कापला आणि अर्धा तास घासत बसले. कडा गोल केल्या, टोक थोडे ठेवले, धरायच्या जागी खरबरीत केले. मला म्हणाले, "टोक जरासंच भायेर ठेवा. एकच तार वाजवा. माझ्याकडं बघू नका."

मी वाजवली. तो सूर दुकानातून बाहेर गेला. रस्त्यावरून दुधाचे कॅन नेणारा एक माणूस वळून बघायला लागला. मी दचकून तार हाताने दाबली.

"दाबू नका त्याला," चाचा म्हणाले. "दोन वरसं दबल्यालाच हुता."

गिटार मी परत घरी नेली.

पुढे चाचांची तब्येत उतरली. दुकान पुतण्याकडे देऊन ते इंदापूरला जरीनाकडे राहायला गेले. जायच्या आधी म्हणाले, "तितं येऊन वाजवा एकदा." मी हो म्हटले आणि टाळत राहिले. माणसांसमोर वाजवायचे म्हटले की मला दुकानातले काम आठवायचे. शेवटी गेल्या महिन्यात गिटार घेऊन एसटीत बसले.

चाचा खाटेवर होते. किती बारीक झाले होते! मला बघून जरीनाला म्हणाले, "टीव्ही बंद कर. आमच्या दुकानच्या ताई आल्यात." शेजारच्या तीन बायकाही येऊन बसल्या. मी गिटार मांडीवर घेतली आणि आईची ओवी वाजवली. तीन ठिकाणी चुकले. तिसऱ्या वेळेला एक बाई हसली. माझे कान तापले. वाजवून झाल्यावर मी नखी मुठीत दाबून धरली आणि वर बघितलेच नाही.

"लय चुकलं," चाचा म्हणाले. "तीनदा."

"अब्बा!" जरीना ओरडली.

"मग काय खोटं बोलू? आधी त्यांच्या चुकाबी कुनाला ऐकू येत नव्हत्या. आता भिताडापल्याड जात्यात." ते उशीला टेकून नीट बसले. "ताई, पुन्यांदा. सुरवातीपास्नं."

मी पुन्हा सुरुवातीपासून वाजवले.