मार डोक्याला हाय ना?

मी वकिलांकडे कारकून होतो, तेव्हा खालापूरच्या घाटात ट्रकने कुणाला उडवलं की भरपाईच्या दाव्यासाठी आमच्याकडे पक्षकार घेऊन येणारे एक गृहस्थ होते. कडक इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं. जखमीच्या घरच्यांना ते मोठ्या मायेने विचारत, "मार डोक्याला हाय ना? मग काय काळजी नाय." नुसता हात मोडलेल्यांत त्यांचा जीव रमत नसे.

पोशीरचा एक सुतार अपघातानंतर बायकोलाही ओळखेनासा झाला. गृहस्थांनी तिला बजावलं, "कोर्टात येईस्तोवर त्यांची दाढी वाढू द्या. मळकेच कपडे घाला." पण चारचौघांत नवऱ्याचं हसं नको म्हणून तिने त्याला न्हाऊ घातलं, लग्नातली टोपी चढवली आणि महिनाभर उत्तरं घोकून घेतली.

अलिबागच्या कोर्टात जजसाहेबांनी नाव विचारलं. त्याने अचूक सांगितलं.

"गाव?"

"पोशीर."

गृहस्थांनी कपाळावर हात मारला.

"आणि ही बाई कोण?"

त्याने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "पोशीर."

तिने तोंडाला पदर लावला. "काल बराबर सांगत व्हते वो," ती पुटपुटली.

गृहस्थांचा चेहरा उजळला. तिच्या कानाशी वाकून ते म्हणाले, "रडताय काय वयनी? पेढे वाटा."