केझियाचं सासरचं नाव

अलका बिरादारला स्वतःच्या पणज्याचं नाव विचाराल तर सांगता येणार नाही. पण अमेरिकेतल्या लोकांना त्यांचे पणजे शोधून द्यायला ती रोज मलकपेठहून मेट्रोनं कुकटपल्लीला जाते. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, असं तिची सासू चतुराबाई या नोकरीबद्दल म्हणते, आणि ते अगदीच खोटं नाही. चार वर्षं अलकानं नुसत्या जुन्या नोंदी संगणकात उतरवल्या. माणसाला माणूस जोडायचं काम तिच्या हाती यंदाच आलं.

पहिलंच काम एलायस थॉर्नबी नावाच्या शेतकऱ्याचं. हा गृहस्थ १८५२ साली बैलगाडीत बिऱ्हाड भरून ओहायोतून निघाला आणि पाच-सहा महिने वाट तुडवत ओरेगनला जाऊन वसला. त्याची खापरपणती डोरिस आता ब्याऐंशी वर्षांची आहे. घराण्याच्या थडग्यावरचा दगड दुभंगला म्हणून तिला नवा घडवायचा होता. आपण सगळे जिच्या पोटचे, त्या बाईचं नाव त्यावर बिनचूक यावं, एवढंच तिचं मागणं. दगड कोरणारा शुक्रवारी येणार होता.

अलकाला हे हातचं काम वाटलं. १८४९च्या लग्नाच्या नोंदीत एलायसची बायको केझिया, वय एकवीस. १८६०च्या ओरेगनच्या खानेसुमारीत लविनिया, वय बत्तीस, आणि पदरी ओहायोत जन्मलेली दहा वर्षांची मुलगी, तीच डोरिसची पणजी. म्हणजे माहेरची केझिया, सासरची लविनिया. यात डोकं कशाला चालवायचं? अलका तरी जन्माची अलका कुठे होती? उदगीरला वडिलांच्या घरी वीस वर्षं ती द्वारका होती. लग्नात ताटभर तांदूळ पसरले, शिवराजनं अंगठीनं त्यात ‘अलका’ लिहिलं, पेढे वाटले आणि द्वारका संपली. तिच्या जावेचंही तसंच झालं होतं. साऱ्या जगात असंच असतं की नाही, असा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता. ‘लविनिया, माहेरचं नाव केझिया’ असा अहवाल तिनं सोमवारी डोरिसला धाडून दिला.

मंगळवारी कौस्तुभनं फाईल उघडली. कौस्तुभ हा पुण्याहून आलेला तिचा साहेब, वयानं तिच्या भाच्याएवढा.

“अलकाताई, नाव चेंज झाल्याचं प्रूफ कुठंय?”

“लग्नात बदललं. बदलतातच की.”

“तिकडे आडनाव बदलतं. पहिलं नाव नाही बदलत कोणी.”

अलकानं लग्नाची नोंद त्याच्यापुढं केली. “मग ही केझिया गेली कुठं?”

“तेच शोधा आता,” म्हणून कौस्तुभनं फाईल तिच्याकडे परत दिली.

तिला खरंच काही उमजेना. एक नवरा, एक मुलगी, जवळजवळ एका वयाच्या दोन बायका, आणि मधली अकरा वर्षं कोरी. केझियाच्या मृत्यूची नोंद नव्हती की थडगं नव्हतं. कधी तिला वाटे, कालचं पोर हे, याला काय कळतंय, आपलंच बरोबर आहे. लगेच वाटे, नसलं तर? दोन दिवस जेवणाचा डबा तसाच परत गेला.

गुरुवारी दुपारी, एलायसबरोबर बैलगाड्यांच्या एकाच तांड्यातून गेलेल्या एका माणसाची डायरी सापडली. जुलै १८५२ची एक ओळ होती. थॉर्नबीची बायको पटकीनं गेली, नदीकाठी पुरली, लांडग्यांनी उकरू नये म्हणून वरून सगळ्या गाड्या नेल्या. डायरी लिहिणाऱ्यानंही तिचं नाव लिहिलं नव्हतं. मग ओरेगनचं दप्तर चाळल्यावर लविनियाशी लागलेलं लग्नही मिळालं, पुढच्याच वर्षीचं. मुलगी पहिलीची, वाढवली दुसरीनं. त्या जागेवरून शेवटची गाडी आपणच नेली, असं अलकाला वाटलं.

“आत्ताच्या आत्ता मेल टाका,” कौस्तुभ म्हणाला. पण चूक कबूल करायला तिला शब्द सुचेनात. घरून पाठवते म्हणून ती उठली.

घरी चहाचा कप पुढं ठेवत तिनं शिवराजला विचारलं, “अहो, माझं नाव काय?”

“अलका. काय झालं?”

“त्याच्या आधीचं.”

शिवराज गोंधळला. थट्टा असेल म्हणून हसलाही. “मीच तर लिहिलो की ताटात. त्याच्या आधी होतं काय काही?”

“होतं बा,” चतुराबाई कोथिंबीर निवडता निवडता म्हणाली. “देवाच्या गावाचं होतं बघ. काशी काय की.”

अलकानं दोघांनाही सांगितलं नाही. राग आलाय की हसू येतंय, हेच तिला कळत नव्हतं. त्या नावानं हाक मारणारे आईवडील जाऊन बारा वर्षं झाली होती. शिवराज कपाळाला आठ्या घालून खरोखर आठवत बसला, आणि त्याचीच तिला दया आली.

ती खिडकीशी जाऊन फोनवर लिहायला लागली. आता शब्द अडले नाहीत. ‘डोरिसबाई, माझी चूक झाली. त्या एक नाहीत, दोघी आहेत. तुम्ही सगळे केझियाच्या पोटचे. तिचं थडगं कुठेच मिळणार नाही, म्हणून दगडावर तिचं नाव आधी कोरा. लविनियाचं पुसू नका.’

पाठवायचं बटण तिनं दाबलं तेव्हा मागून चतुराबाईनं विचारलं, “मथुरा होतं का गं?”