घरगाडीच्या दिव्यांखाली

"डोळं हायेत का बटणं?" दातांत सुई धरून मावशी विचारायची, आणि समोर कामगार असो की मालक, तो आधी स्वतःच्या हातातलं काम तपासायचा.

भोसरीच्या ज्या कारखान्यात आम्ही बसच्या बॉड्या बांधायचो, तिथं ती गाद्या, पडदे, ताडपत्र्या शिवायची. मी वायरमन. कारखान्याची जागा पूर्वी तिच्या सासऱ्याची. "हितं आमची ज्वारी व्हती," ती म्हणायची, "आता तुमचं खिळं उगवत्यात." तिचा राग सगळ्यांवर असे. दोऱ्यावर, चहावर, माझ्यावर. मी डबा आणला नाही असं दिसलं की मात्र माझ्यापुढं भाकरी आदळायची. "गिळ. उपाशी माणूस तार उलटी जोडतो."

पंचाहत्तर सालच्या आसपास मुंबईच्या एका शेठनं बसची चेसिस, नुसता चाकं-इंजिनाचा सांगाडा, पाठवली. त्याला चाकांवरचं घर हवं होतं. आत पलंग, ओटा, मोरी. आणि बाहेर, गाडीच्या कडेला, उघडमीट होणारी, छपरासारखी कनात. संध्याकाळी तिच्याखाली खुर्च्या टाकून बसायचं, म्हणून कनातीच्या काठानं दिवे. कनात मावशीची, दिवे माझे. इंजिनाची बॅटरी उतरू नये म्हणून मी दिव्यांना वेगळी बॅटरी दिली, पावसासाठी प्रत्येक बल्बवर काचेची टोपी बसवली. तारा लपवायला मावशीनं काठाला नेफा शिवला. शिवताना पुटपुटत होती, "गाडीला अंगण, अंगणाला दिवं. आन् आमच्या वस्तीवरनं तारा जात्यात त्या निस्त्या कावळ्यांना बसायला."

तिची वस्ती कुंपणापलीकडेच होती. रॉकेलच्या चिमण्यांवर जगणारी.

शेठ बायकोला घेऊन गाडी बघायला आला. दिवेलागणीला मी बटण दाबलं आणि पटांगण उजळलं. शेठाणीनं टाळ्या वाजवल्या. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? खुर्च्या मांडल्या, चहा आला. उजेड बघून वस्तीतली पोरं कुंपणाच्या फटीतून आत शिरली आणि कनातीच्या कडेला पुस्तकं उघडून बसली. त्यांनी कुणाचं काय घेतलं होतं? उजेड काही कमी होत नव्हता.

शेठनं ड्रायव्हरकडे बघून नुसती मान हलवली. ड्रायव्हरनं गाडी धुवायची बादली उचलली आणि पोरांवर ओतली. पुस्तकांवरही. शेठनं चहाचा घोट घेतला.

हे लिहिताना आजही माझं डोकं तापतं.

मावशी कात्री घेऊन उठली. कनात जिच्यावर ताणली होती, ती दोरी तिनं कापली. सगळी कनात, माझ्या दिव्यांसकट, शेठच्या डोक्यावर आली. काही दिवे आत जळतच होते. त्या उजळलेल्या गाठोड्यात शेठ हातपाय मारताना दिसत होता. एक पोरगं हसलं. मग आम्ही सगळेच.

"बाहेर हो!" कारखान्याचा मालक मावशीवर किंचाळला.

"मी कुठली भायेरची?" मावशी म्हणाली. "भायेरनं तर तुमी आला. माझ्या वावरात."

दुसऱ्या दिवशी, मावशीला परत कामावर घ्या म्हणून, आम्ही कामावर न जाता फाटकाशी बसलो. मालक दाद देईना. दुपारी मावशी आली. वाटलं, शाबासकी देईल.

"सोताच्या चुली इझवायला बसलाय व्हय? माझ्यापायी बसू नगा. बसायचंच आसंल तर वीज कचेरीच्या दारात चला."

गुरुवारी, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, आम्ही वस्तीतल्या बायकांबरोबर गेलो. साहेब म्हणाले, "तुमचा रीतसर अर्ज कुठंय?" मावशीनं भिजून फुगलेलं एक बालभारती त्यांच्या टेबलावर आपटलं. "ह्यो घ्या. वाचा. पोरांना तर आता वाचता येत न्हाई." पुढचे कितीतरी गुरुवार आमचे तिथंच गेले. साहेब बदलले, मावशीचा आवाज नाही बदलला. शेवटी खांब आले.

वस्तीतल्या तारा मी ओढल्या. तिच्या खोलीत बल्ब लावायला गेलो तर ओरडली, "आत कशाला? भायेर लाव. पोरं कुठं बसतील?"

त्या उजेडात तिला फार दिवस बसायला मिळालं नाही. पुढच्याच थंडीत न्युमोनियानं गेली. मयतीला आमचा मालक आला होता, हातात झेंडूचा मोठा हार घेऊन. पडलेल्या आवाजात म्हणाला, "फार कष्टाळू बाई."

मावशीच्या सुनेनं तो हार त्याच्या हातून घेतला आणि दारात बांधलेल्या म्हशीपुढं टाकला.

म्हशीनं तो सावकाश खाल्ला. मालक बघत उभा राहिला. कुणी त्याला बस म्हटलं नाही.