सत्तावीस नंबरची पट्टी

फिटरकाकांकडे पहिल्यांदा आलेल्या माणसाला चहा जरा उशिरानेच मिळतो. आधी व्हाइस बघावे लागतात. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत तिन्ही भिंतींना जाड फळ्या ठोकल्या आहेत आणि त्यांवर एकतीस व्हाइस ओळीने बसवले आहेत. लोखंडाचा तुकडा दोन जबड्यांत आवळून धरायचं ते अवजार, जुने लोक त्याला शेगडा म्हणतात. कुणी मुठीत मावेल एवढा, घड्याळवाल्याच्या कामाचा. कुणी दातेरी, पाइप धरणारा. एक तर इतका धिप्पाड की त्याला आणताना हातगाडीचं चाक मोडलं होतं. प्रत्येकाचं मळसूत्र एका बोटाने फिरतं. पाहुणा कंटाळला की काकांच्या ते लक्षात येत नाही, आणि आलं तरी ते तसं दाखवत नाहीत.

"मला एकतीस सवती आहेत आणि एकही भांड्याला हात लावत नाही," असं काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. सांगतात आणि स्वतःच गंज उतरवायला व्हिनेगरचा डबा भरून ठेवतात. बारा वर्षं हे असंच चाललं आहे.

लोकांना वाटतं हा म्हाताऱ्याचा छंद आहे. छंद वगैरे काही नव्हता हो. काका एकच व्हाइस शोधत होते. बाकीच्या एकतीसांतले काही 'हाच तो असेल' म्हणून घरी आणले, काही भंगारवाल्याने त्यांच्याबरोबर गळ्यात मारले, आणि मग एकही टाकवला नाही, इतकंच.

तो व्हाइस त्यांच्या मिस्त्रींचा होता. सेहेचाळीस वर्षांपूर्वी काका पंपांच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागले, ते मिस्त्रींच्या हाताखाली. पहिलं काम सगळ्यांना सारखंच असायचं: पाच इंच लांब, दोन बोटं रुंद लोखंडी पट्टी घ्यायची आणि कानस मारून ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तंतोतंत सारख्या जाडीची करायची. झाली की पोलादी पंचाने तिच्यावर आपल्या हजेरीच्या बिल्ल्यावरचा, म्हणजे टोकनचा, नंबर ठोकायचा आणि मिस्त्रींच्या पुढ्यात ठेवायची. काकांची पट्टी एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ झाली. दुसरीही तशीच. तिसरी मिस्त्रींनी उजेडाकडे धरून पाहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ही पट्टी आहे की पाचर? तीनदा नापास म्हणजे घरी, माहीत आहे ना?" पट्टी त्यांनी भंगाराच्या पेटीकडे भिरकावली. घरी आई आणि दोन धाकट्या बहिणी होत्या, आणि त्यांचं सगळं ह्या नोकरीवर टांगलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते टोकन परत करायला गेले, तर नोटीस बोर्डावर त्यांच्या नावापुढे 'पास' लिहिलेलं! विचारायची छाती झाली नाही. मिस्त्रींनी फक्त एवढंच म्हटलं, "आजपासून रोज अर्धा तास आधी यायचं. माझ्या व्हाइसवर." पुढे वर्षभर रोज सकाळी तो व्हाइस आणि मिस्त्रींच्या शिव्या. त्या वर्षाने काकांना हात दिले. चौतीस वर्षांची नोकरी, बहिणींची लग्नं, हे घर, मुलीचं शिक्षण, सगळं त्या अर्ध्या तासातून निघालं हे काकांना पक्कं ठाऊक होतं. पण कारखान्यात आभार मानायची पद्धत नव्हती. मिस्त्रींसमोर तर जीभच उचलत नसे. मग मिस्त्री निवृत्त झाले, बारा वर्षांपूर्वी कारखानाही बंद पडला, यंत्रं लिलावात गेली आणि व्हाइस भंगाराच्या भावाने दाही दिशांना पांगले.

मिस्त्री आता एकोणनव्वद वर्षांचे आहेत. चार वर्षांपूर्वी नजर गेली. मुलीकडे असतात, आणि जुनं कुणी भेटायला गेलं की एकच विचारतात, "माझा व्हाइस कुणाकडे आहे रे?" काका मनाशी म्हणायचे, तोंडाने आभार मानणं आपल्याला जन्मात जमायचं नाही, तो व्हाइस नेऊन त्यांच्या हातात दिला की झालं. गेल्या महिन्यात मिस्त्रींच्या मुलीचा फोन आला. "दादा, बाबांचं जेवण निम्म्यावर आलंय. मिळत असेल तर आता बघा."

आणि त्याच आठवड्यात, एक जुना व्हाइस आलाय म्हणून भंगारवाल्याचा निरोप आला.

व्हाइस गंजाने तपकिरी झाला होता, मळसूत्र जाम, वर तीन रंगांचे थर. काकांनी ओळख पटवायला दोन दिवस घेतले. पाच इंची जबडा, जुळला. रंग खरवडल्यावर पोटाशी ओतीव चांदणी निघाली, म्हणजे फाउंड्री तीच. बैठकीचा, बोल्ट लावायचा एक कान तुटून पितळेने जोडलेला होता, आणि मिस्त्रींच्या व्हाइसचा कान असाच तुटलेला काकांना आठवत होता. पण कारखान्यात त्या घडणीचे आठ व्हाइस होते, आणि विभागाचा नंबर कुणीतरी ग्राइंडरने उडवून टाकलेला. तरी काकांचं मन म्हणत होतं, हाच.

मग त्यांनी जीव ओतून काम केलं. मळसूत्र सोडवलं, गंज उतरवला, ग्रीस भरलं. स्थिर जबड्याच्या तोंडावर स्क्रूने बसवलेली पोलादी पट्टी उघडली तर तिच्या मागे एक काळीठिक्कर, ग्रीसने माखलेली पाचर निघाली. कुणीतरी जबड्याची झीज भरून काढायला ती घुसडली होती. काकांचं डोकंच फिरलं.

"हे बघ, काय भिकार कानस मारलीय!" त्यांनी काकूंना हाक मारून दाखवली. "असल्या माणसाला कारखान्यात घेतलं कुणी? एवढ्या चांगल्या व्हाइसचं वाटोळं करून ठेवलं!"

लोखंड फेकायचं नाही हा त्यांचा नियम, म्हणून पाचर व्हिनेगरच्या डब्यात गेली. झिजलेली जागा काकांनी पितळेने भरून घेतली, गुण्या लावून सपाट केली, नव्या पट्ट्या बसवल्या. जबडे मिटले की फट शोधून सापडत नव्हती. इतकं देखणं काम आपल्या हातून पूर्वी झालं नव्हतं, असं ते स्वतःशीच म्हणाले.

रविवारी सकाळी रिक्षातून व्हाइस घेऊन ते मिस्त्रींकडे गेले. खिडकीजवळच्या टेबलावर ठेवला. मिस्त्रींनी हात पुढे केला, दांडा फिरवला, जबडे मिटवले आणि अंगठा डाव्या कोपऱ्यावरून सावकाश नेला. परत नेला.

"काम फर्स्ट क्लास आहे," मिस्त्री म्हणाले. "पण हा माझा नाही."

"मिस्त्री, तो कान बघा, जोडलेला..."

"कान कुणाचेही तुटतात. माझा नाही हा." आणि त्यांनी हात मांडीवर ठेवून दिला.

काका व्हाइस परत घेऊन घरी आले ते तोंड एवढंसं करून. बारा वर्षं पाण्यात गेली होती, आणि आता दुसरी बारा वर्षं मिस्त्रींकडे नव्हती. जेवले नाहीत, पत्र्याच्या खोलीतही गेले नाहीत. असं कधी झालं नव्हतं, म्हणून मागचं आवरायला काकूच गेल्या. थोड्या वेळाने पदराने काहीतरी पुसत त्या बाहेर आल्या.

"अहो, हे तुमचं भिकार कानसकाम कुठे ठेवू? ह्याच्यावर नंबर आहे."

व्हिनेगरने चार दिवसांत गंज खाऊन टाकला होता. पाचरीच्या पाठीवर पंचाने ठोकलेले दोन आकडे स्वच्छ दिसत होते. दोन आणि सात. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांच्या टोकनचा नंबर सत्तावीस होता. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ. मागाहून स्क्रूसाठी दोन भोकं पाडलेली. ती भंगारात गेलीच नव्हती.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"ह्या माणसाला कारखान्यात घेतलं कुणी म्हणत होतो ना," काका म्हणाले, आणि त्या आकड्यांवरून बोट फिरवत पायरीवर टेकले. मग काकूही शेजारी बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत.

पुढचे दोन दिवस काकांनी आपलंच देखणं काम मोडलं. भरलेलं पितळ कानसून काढलं, झिजलेली जागा जशी होती तशी उघडी केली, पाचर तिथे ठेवली. ती अशी बसली की जणू जागा तिच्यासाठीच झिजली असावी. वर जुनीच पट्टी चढवली. डाव्या कोपऱ्यात ती केसभर पुढे आली.

बुधवारी सकाळी पुन्हा रिक्षा. मिस्त्रींची मुलगी दारातच म्हणाली, "दादा, परत तोच आणलात?" काकांनी व्हाइस पुन्हा खिडकीजवळच्या टेबलावर ठेवला. मिस्त्रींचा अंगठा डाव्या कोपऱ्यावर गेला, अडला, आणि तिथेच थांबला.

"आला," मिस्त्री म्हणाले. मग अंगठा तिथेच दाबून, "रविवारी काढली होतीस होय? गाढवा."

"मिस्त्री, ती माझी पट्टी आहे. सत्तावीस."

"माहीत आहे की. माझा व्हाइस दोन वर्षं डावीकडून फाकत होता. किती पाचरी करून बघितल्या, एकही बसेना. तुझी बसली. बेट्या, तितकं वाकडं मला ठरवूनसुद्धा जमलं नसतं." ते हसले, खोकले. "ज्याचा माल मी वापरला त्याला नापास कसा करणार?"

"मग सांगितलं का नाहीत कधी?"

"सांगितलं असतं तर सरळ कानस मारायला शिकला असतास?"

काकांनी त्यांचा हात व्हाइसवरून उचलून आपल्या दोन्ही हातांत घेतला. इतक्या वर्षांत मिस्त्रींच्या हाताला त्यांनी कधी हात लावला नव्हता. "मिस्त्री, माझं जे काही झालं ते तुमच्यामुळे झालं. आईला शेवटपर्यंत औषध मिळालं, बहिणी सुखात आहेत, पोरगी शिकली. मी एकदाही बोललो नाही. आज बोलतो." काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मिस्त्रींची मुलगी बघत होती तरी त्यांनी ते पुसलं नाही.

मिस्त्रींनी थोडा वेळ हात तसाच राहू दिला. मग तो सोडवून घेतला, चाचपडत पुन्हा डाव्या कोपऱ्यावर नेला आणि दांडा आवळून जबडे घट्ट मिटवले.

"अजून वाकडीच आहे," ते म्हणाले. "पुन्हा काढू नकोस."