दौलत फिटरने लावलेलं कुलूप

"बूटलोडर उघडून देते, काका. अर्ध्या तासाचं काम आहे. पण आतलं सगळं पुसलं जाईल."

टेंभी नाक्याजवळच्या बोळातल्या आपल्या चिंचोळ्या दुकानात अक्षदा हे वाक्य दिवसातून चारदा तरी बोलत असेल. गिऱ्हाईक जरा हळहळतं आणि "चालेल" म्हणतं. दौलत शेडगे तसं म्हणाला नाही. त्याने काउंटरवरचा टॅब उचलला आणि छातीशी धरला. डोंबिवलीतल्या दोन दुकानांनी त्याला हेच सांगितलं होतं. मानपाड्याहून बस बदलत ठाण्याला येईपर्यंत त्याने एकच आशा धरली होती, की ही तिसरी तरी काही वेगळं सांगेल.

"आत माझ्या मुलीचं बोलणं आहे," तो म्हणाला.

"म्हणजे रेकॉर्डिंग?"

"नाही हो ताई. बोलणं."

आणि मग त्याने सांगितलं. शिवानी एकोणीस वर्षांची. डोकं तल्लख, पण जन्मापासून जीभ तिचं ऐकत नाही आणि हात थरथरतात. टॅबवर चित्रांचे चौकोन आहेत, चौकोन दाबला की शब्द ऐकू येतो. शब्दांना आवाज तिच्या आईचा, देवयानीचा. सुरुवातीला पाणी, भूक, नको असे चाळीस चौकोन होते. चार वर्षांत ते दोन हजारांवर गेले, आणि त्यातले निम्मे शिवानीने स्वतः मांडलेले. 'डाळीत मीठ जास्त आहे, पण मी खाते' असं एक सबंध वाक्यही तिने करून ठेवलं होतं, खास बापासाठी, कारण रविवारची डाळ तो करायचा.

"बॅकअप?" अक्षदाने विचारलं.

"दर महिन्याला घ्यायचो."

"कुठे?"

दौलतने हातातल्या टॅबकडे बघितलं. बॅकअप त्याच टॅबमध्ये होता. कपाटाची दुसरी किल्ली कपाटातच ठेवावी तसा.

दौलत हा माणूस मुळात निष्काळजी नाही, हे इथे सांगायलाच हवं. उलट त्याची काळजी घेण्याची खोड इतकी दांडगी, की घरातले कधीकधी कावतात. पाटण तालुक्यातून आला, आयटीआय केलं आणि सव्वीस वर्षं मानपाड्याजवळच्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर म्हणून राबतोय. त्याचे नियम दोनच. एक, उघडलेलं पॅनल बंद केल्याशिवाय घरी जायचं नाही. दोन, मशीनमधून काढलेला जुना पार्ट लगेच भंगारात टाकायचा नाही. त्यावर तारीख घालायची, आठ दिवस मशीन नीट चालू द्यायचं, मग टाकायचा. या दोन नियमांवर त्याने साहेबांची शाबासकी मिळवली होती आणि दोन्ही हातांची दहाही बोटं शाबूत राखली होती.

टॅब स्वस्तातला होता. कंपनीने त्यात नको ती ऍप्स कोंबलेली, चौकोन दाबला की शब्द तीन सेकंदांनी यायचा. शिवानी 'नको' दाबायची आणि आवाज येईपर्यंत घास तोंडात गेलेला असायचा. म्हणून विकत घेतल्याच्या आठवड्यातच दौलतने इलेक्ट्रिकलमधल्या मित्राचा लॅपटॉप आणून तो रूट केला, म्हणजे कंपनीने स्वतःकडे ठेवलेल्या सगळ्या किल्ल्या मालकाने ताब्यात घेतल्या. त्यासाठी बूटलोडर उघडावा लागला. हा बूटलोडर टॅबचा दरवान. सगळ्यात आधी तो जागा होतो आणि कुणाला आत सोडायचं ते ठरवतो. दरवानाला बाजूला केल्यावर सगळा कचरा निघाला आणि शब्द झटक्यात यायला लागले. फक्त टॅब सुरू करताना पाच सेकंद एक नारिंगी इशारा दिसायचा, की या उपकरणाचं कुलूप उघडं आहे.

चार वर्षं तो इशारा दिसत राहिला आणि कुणाचं काही अडलं नाही. मग मार्च आला, कारखान्यात सुरक्षा सप्ताह झाला. छातीवर बिल्ला लावून दौलतने इतरांबरोबर शपथ घेतली, की मी कोणतंही पॅनल उघडं ठेवणार नाही. घरी आला, टॅबवर तो नारिंगी इशारा बघितला आणि त्याच्या डोक्यात किडा वळवळला. सव्वीस वर्षांत आपण एकच पॅनल उघडं ठेवलंय, ते पोरीचं. रविवारी दुपारी पुन्हा लॅपटॉप आणून त्याने बूटलोडरला कुलूप लावलं. टॅब बंद करून सुरू केला. दरवान जागा झाला, आतला बदललेला कारभार त्याने बघितला आणि तांबड्या अक्षरांत सांगून टाकलं, की हे उपकरण सुरू होणार नाही.

शिवानी समोरच बसली होती. तिने भुवया उंचावल्या. आणि दौलत, ज्याने उभ्या जन्मात साहेबाला खोटं सांगितलं नव्हतं, तो पोरीला म्हणाला, "बॅटरी गेली वाटतं."

आज गुरुवार होता.

"कुलूप कसं लावलंत? साध्या कमांडने की टूलने?" अक्षदाने विचारलं.

"टूलने. त्याने आतलं पुसलं जात नाही असं वाचलेलं."

"मग आतलं अजून जिवंत आहे." ती पहिल्यांदाच खुर्चीत सरळ बसली. "ऐका. बूटलोडरच्याही खाली चिपचं स्वतःचं एक दार असतं. तिथून शिरून कुलपाच्या कप्प्यात जुनी नोंद होती तशी परत लिहायची. दरवानाला वाटेल कुलूप कधी लागलंच नव्हतं. पण ती जुनी नोंद ह्याच टॅबची लागते, प्रत्येक चिपचा शिक्का वेगळा असतो. आणि ह्या मॉडेलची नोंद नव्याने बनवायला माझ्याकडे टूल नाही. पहिल्यांदा कुलूप उघडल्यावर, बदल करायच्या आधी, आतल्या कप्प्यांची नक्कल काढलेली का?"

जुना पार्ट! नक्कल दौलतने काढली होती. मेमरी कार्डावर काढून, काड्याच्या पेटीत घालून, वर तारीख घातली होती. आठ दिवस टॅब झकास चालला आणि नियमाप्रमाणे त्या पार्टाचं काम संपलं. मग ते कार्ड त्याने शिवानीला देऊन टाकलं, तिच्या गाण्यांच्या स्पीकरसाठी. देण्याआधी ते पुसलं होतं का?

"आठवत नाही," तो म्हणाला. "खरंच आठवत नाही, ताई."

"उद्या कार्ड घेऊन या. तोपर्यंत ह्याला कुणाला हात लावू देऊ नका."

परतीच्या बसमध्ये शीळफाट्यापर्यंत तो तेच आठवत बसला. काड्याची पेटी आठवत होती, शिवानीचा हसरा चेहरा आठवत होता, मधलं काहीच आठवेना. स्वतःचा इतका राग त्याला कधी आला नव्हता. आणि रागाच्या तळाशी भीती होती. 'डाळीत मीठ जास्त आहे' हे आता पुन्हा कधी ऐकू आलंच नाही तर?

घरी शिवानी खिडकीशी बसली होती. मांडीवर एक पुठ्ठा होता, टॅब यायच्या आधीच्या काळातला, त्यावर देवयानीने लिहिलेली बाराखडी. एकेका अक्षरावर बोट नेऊन ती शब्द करायची. चार दिवसांत दौलतने त्या पुठ्ठ्याचा नुसता छळ मांडला होता. ती दुसऱ्या अक्षरावर पोचायच्या आत हा म्हणायचा, "पाणी? पंखा? पापड?" काल तर तिने पुठ्ठा भिरकावून दिला होता आणि देवयानी म्हणाली होती, "अहो, तिला संपवू तरी द्या!"

स्पीकर खिडकीत वाजत होता. शिवानीची त्याच्याकडे पाठ होती. हात घालून कार्ड काढायचं, उद्या परत ठेवायचं, कुणाला कळणार होतं? दौलतने हात पुढे केलासुद्धा. पण स्पीकर तिचा होता. तिच्या मालकीच्या एका वस्तूत तिला न विचारता त्याने रविवारी हात घातला होता, आणि त्याचं काय झालं ते समोर होतं. त्याने हात मागे घेतला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"शिवा, टॅब माझ्यामुळे बंद पडलाय. मी त्याला कुलूप लावलं. तुला विचारलं नाही. आता तुझ्या स्पीकरमधलं कार्ड लागेल. त्यात एक जुनी नक्कल असेल तर तुझे शब्द वाचतील. नसेल तर..."

शिवानीने बोट पुठ्ठ्यावर नेलं. म. बोट घसरलं, परत आलं. दौलतच्या ओठांवर शब्द आला होता, तो त्याने गिळला. गॅसवरची भाजी लागत असल्याचा वास आला, तरी देवयानी दारात उभीच राहिली. तीन शब्दांना पाच मिनिटं लागली.

मी पण येणार.

शुक्रवारी रजा टाकून तिघं रिक्षाने ठाण्याला गेली. अक्षदाने कार्ड कॉम्प्युटरला लावलं. गाणी. गाणी. गाण्यांची दहा पानं सरली. दौलतने काउंटरची कडा धरली होती. अगदी खाली एक फोल्डर होता, 'शेडगे टॅब जुना पार्ट', पुढे तारीख.

"काका," अक्षदा म्हणाली, "तुमच्यासारखं गिऱ्हाईक मी बघितलेलं नाही."

"उघडतंय का ते बघा आधी."

उघडलं. पण टॅब कॉम्प्युटरच्या पकडीत येईना. आवाजाची दोन्ही बटणं दाबून त्याच क्षणी केबल लावायची होती. पहिल्यांदा निसटलं. दुसऱ्यांदा जोडणी झाली आणि लिहायच्या आत तुटली. अक्षदाने केबल बदलली. "आता कुणी टेबलाला हात लावू नका," असं तिने म्हटल्यावर देवयानीने श्वाससुद्धा रोखला. तिसऱ्यांदा पडद्यावर एक हिरवी पट्टी सरकली आणि दोन सेकंदांत संपली.

"झालं?"

"लिहून झालं. आता सुरू करून बघायचं."

तांबडी अक्षरं आली नाहीत. नारिंगी इशारा आला. शपथेपासून डोळ्यांत खुपणारा तो इशारा दौलतने देवाच्या मूर्तीकडे बघावं तसा बघितला. एक, दोन, तीन, चार, पाच. कंपनीचं चिन्ह आलं आणि तिथेच थांबलं, इतका वेळ की देवयानीने तोंड फिरवलं. मग पडदा उजळला आणि चौकोन दिसायला लागले, सगळे, रांगेत, होते तसे.

दौलत भर दुकानात रडला. अक्षदाने टॅब शिवानीसमोर धरला. शिवानीने थरथरतं बोट नेलं, एक चौकोन दाबला, मग दुसरा, तिसरा, चौथा, आणि देवयानीचा आवाज सावकाश बोलला:

"बॅटरी. चांगली. आहे. बाबा."

"हो गं," अक्षदा टॅबचा कोपरा बघत म्हणाली, "ब्याऐंशी टक्के आहे."

देवयानीने नवऱ्याकडे बघितलं. दौलतने बाहीने डोळे पुसले.

"बॅटरीला काही झालंच नव्हतं," तो म्हणाला. "खोटं बोललो मी."

शिवानीने शोधाशोध केली नाही. तो चौकोन कुठे आहे ते तिला पाठ होतं.

"माहीत आहे."