मामांच्या वहीतलं इंग्रजी

माझे सासरे माणसाला नाव विचारत नाहीत, "कुणापैकी?" असं विचारतात. म्हणजे कोणत्या घरातला, कुणाचा कोण. पोलिओचे डोस द्यायला आलेल्या सिस्टर असोत की मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला माणूस, यातून कुणी सुटत नाही. एकदा केळी भरायला हरियाणाचा ट्रक आला होता. ड्रायव्हरला मराठीचा गंध नव्हता, तरी अर्ध्या तासात मामांनी त्याच्या आजोळचं गाव काढून घेतलं. सासऱ्यांना मी मामाच म्हणते, आमच्याकडं तशी रीत आहे.

मला बघायला ते उदगीरकडच्या आमच्या गावी आले, तेव्हा मी किती शिकले हे त्यांनी विचारलंच नाही. माझ्या मावशीच्या नणंदेचं घर त्यांच्याच गावाजवळ, अर्धापूरच्या पलीकडं आहे, हे त्यांनी चार प्रश्नांत शोधलं आणि "म्हणजे घरातलीच हाय की" म्हणून चहा घेतला. माझी बीएस्सी सांगायची राहूनच गेली. मला रागच आला होता. तरी लग्न झालं, हा भाग वेगळा.

त्यांच्याकडं लाल कापडी बांधणीची एक लांब वही आहे. तिच्यात गावातल्या सगळ्या घरांच्या वंशावळी आहेत. वर मूळ पुरुष, त्याच्याखाली त्याची मुलं, मग त्यांची मुलं, अशा रेघा ओढत ओढत थेट आजच्या शाळेतल्या पोरांपर्यंत. कुणाला दाखला काढायचा असला की आधी तो मामांच्या ओट्यावर येतो आणि मग तहसीलला जातो. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी ती वही चाळली. आमच्या घराच्या सात पिढ्या होत्या आणि त्यात एकही बाई नव्हती. आपोआप उगवल्यासारखे सगळे बापे. मी मामांना तसं विचारलं.

"बायका लिहायला घेतल्या तर वही पुरल का, माय?" ते म्हणाले, आणि विषय संपला.

मीही नाद सोडला, कारण माझं घोडं तेव्हा भलतीकडंच अडलं होतं. सरकारी बँकेच्या क्लार्कची परीक्षा मी दोनदा दिली होती. गणित झकास, बुद्धिमत्ता झकास, आणि इंग्रजीत दोन्ही वेळा थोडक्यात गेलेली. त्या परीक्षेत प्रत्येक भागात वेगळं पास व्हावं लागतं, त्यामुळं गणितातले भरघोस मार्क इंग्रजीच्या मदतीला येत नाहीत. त्यातच वयाची मर्यादा त्या वर्षी संपत होती, म्हणजे ही तिसरी खेप शेवटची. नापास झाले असते तर कुणी मला टोचून बोललं नसतं. दोन म्हशी, केळीचा मळा, रोजच्या भाकरी, आणि आपण कधीकाळी हुशार होतो ही आठवण, एवढ्यावर पुढचं आयुष्य निघालं असतं. मला नेमकं तेच नको होतं.

नवऱ्यानं लातूरला क्लास लावून दिला. चार महिने, एका खोलीत पाच मुली. सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. फक्त त्या आठवड्यात भांडी जरा जोरात ठेवली.

क्लासच्या सरांनी सुरुवातीलाच इंग्रजी शब्दांची मुळं आणि त्यांच्या आधी लागणारे उपसर्ग यांची लांबलचक यादी दिली. शब्द पाठ करू नका, मूळ ओळखा, मग न पाहिलेला शब्दही ओळखीचा वाटेल, असं ते म्हणाले. मी काय केलं, तर ती यादीच पाठ करायला घेतली. संध्याकाळी पाठ, सकाळी सपाट.

पोळ्याला दोन दिवस घरी आले, तर यादी बरोबर होतीच. ओट्यावर बसून मी घोकत होते, "पोर्ट म्हणजे वाहून नेणे, पोर्ट म्हणजे वाहून नेणे." मामा शेजारी बैलाची झूल झटकत होते.

"काय घोकून राहिली?"

"इंग्रजी शब्दाचं मूळ हाय, मामा. पोर्ट."

मूळ म्हटल्यावर त्यांनी झूल खाली ठेवली. "लेकरं कोण त्याची?"

"इम्पोर्ट, एक्सपोर्ट, ट्रान्सपोर्ट."

"थांब. एक्सपोर्ट तर आपल्याच घरचं हाय." आमच्याकडची चांगली केळी खोक्यात भरून परदेशी जातात, तो एक्सपोर्टचा माल. "अन ट्रान्सपोर्ट त्या ट्रकच्या कपाळावर लिहिलेलं असतंय. ही सख्खी भावंडं, अन मला आजपर्यंत कुणी सांगितलं न्हाई?"

फसवणूक झाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. त्यांनी लाल वही आणली, उलटी केली, आणि शेवटच्या पानावर वर मधोमध लिहिलं: पोर्ट. त्याखाली लिहिलं: धंदा, वाहतूक. मग रेघा ओढून एकेक लेकरू खाली बसवलं.

"आता हे एक्स, इम, ट्रान्स कुणापैकी?"

मी सांगितलं की ते उपसर्ग. एक्स म्हणजे बाहेर, इम म्हणजे आत, ट्रान्स म्हणजे पलीकडं. शब्दाच्या सुरुवातीला बसतात आणि अर्थ फिरवतात.

मामांनी जरा विचार केला. "म्हणजे ह्या सुना. दुसऱ्या घरातून येतात, म्होरं होऊन बसतात, अन घर कुणीकडं जायचं ते त्याच ठरवतात." शेवटचं वाक्य त्यांनी स्वयंपाकघराकडं बघत बारीक आवाजात म्हटलं.

मी लातूरला परत गेले आणि रोज संध्याकाळी मामांचा फोन सुरू झाला. जेवलीस का, झोपलीस का, काही नाही. थेट, "आज कोणतं खानदान?" खोलीतल्या मुली म्हणायच्या, स्पीकरवर ठेव. मामांनी पहिल्याच दिवशी त्या चौघींना कुणापैकी विचारून घेतलं होतं, आणि त्यातली निलंग्याची एक आमच्या लांबच्या नात्यात निघालीही होती.

एके दिवशी स्पेक्टचं घराणं होतं. स्पेक्ट म्हणजे बघणं. इन्स्पेक्टर म्हणजे आत डोकावणारा. रिस्पेक्ट म्हणजे वळून पुन्हा बघणं. सस्पेक्ट म्हणजे खालून बघणं, संशय घेणं. तेवढ्यात फोनमधून आत्याबाईंचा आवाज आला, "सून घरात न्हाई अन सासरा रोज घंटाभर फोनवर. एवढं काय बोलून राहिले तुम्ही?"

"ही बघ, सस्पेक्ट करून राहिली," मामा मला म्हणाले. "चष्म्याच्या खालून."

त्यांचे प्रश्न मात्र सरांनाही जड जायचे. अंडर म्हणजे खाली, स्टँड म्हणजे उभं राहणं, तर अंडरस्टँड म्हणजे समजणं कसं? सर म्हणाले, ते तसंच आहे. मामांनी ते समजून घेतलं. "हर खानदानात एखादा असा निघतोच." मग त्यांना या मुळांचं मूळ गाव हवं होतं. मी सांगितलं, बरीचशी लॅटिनमधली आहेत, आणि ती भाषा आता कुणी घरात बोलत नाही. "म्हणजे गाव उजाड झालं अन लेकरं साऱ्या जगात," ते म्हणाले, आणि त्या दिवशी फोन लवकर ठेवला.

परीक्षा महिन्यावर आली आणि सराव चाचणीत मी इंग्रजीत पुन्हा आपटले. त्याच संध्याकाळी फोन आला, "आज कोणतं खानदान?" माझं डोकं फिरलं. "मामा, परीक्षा माझी हाय, तुमची करमणूक न्हाई," मी म्हणाले आणि फोन कापला. सासऱ्याला असं बोलले म्हणून निलंगेवाली दोन दिवस माझ्याकडं डोळे वटारून बघत होती. मामांनी फोन केला नाही. मी हट्टानं एकटीच यादी घोकली, आणि ती पूर्वीसारखीच गळून गेली. तिसऱ्या दिवशी मीच नंबर लावला. माघार घ्यायला मला फार वेळ लागतो, पण पास व्हायची गरज त्याहून मोठी होती.

"कोणतं?" मामांनी विचारलं. मधले दोन दिवस जणू घडलेच नव्हते.

"डिक्ट. म्हणजे बोलणं."

"मग बोल की."

परीक्षेचं केंद्र नांदेडच्या बाहेर होतं. मामा बरोबर आले आणि गेटसमोर कडुलिंबाखाली केळ्यांची पिशवी घेऊन बसले. आत इंग्रजीचा भाग बरा चालला होता, आणि मग स्क्रीनवर सर्कमस्पेक्ट हा शब्द आला. मी तो जन्मात पाहिला नव्हता. गेल्या दोन वेळा नेमकी इथूनच घसरगुंडी सुरू झाली होती, एक शब्द अडला की पुढचे दहा दिसेनासे व्हायचे. मी डोळे मिटले आणि त्या शब्दाला विचारलं, कुणापैकी रे तू?

मागचा स्पेक्ट, तो तर घरचाच. सुरुवातीला आलेली ही सर्कम कोण? आणि मला सर्कमफरन्स आठवला, वर्तुळाचा परीघ. माझ्या माहेरची, माझ्या गणिताकडची ती. गोल, चारी बाजूंनी. चारी बाजूंनी बघणारा, म्हणजे सावध. चार पर्यायांत सावध होता. मी बटण दाबलं आणि पुढचे प्रश्न मला स्वच्छ दिसले.

बाहेर येऊन मामांना सांगितलं. त्यांनी एक केळं सोलून माझ्या हातात दिलं. "वर्तुळाकडची सून. घर चांगलं हाय," ते म्हणाले.

त्यानंतरचा दुसरा टप्पाही पार पडला आणि निकाल लागला. इंग्रजीत मी पास होते, काठावर नाही, चांगली पास. पोस्टिंग किनवटला. आत्याबाईंनी त्या दिवशी भांडी हळू ठेवली.

किनवटला निघायच्या आठवड्यात शेजारच्या एका मुलीनं शब्दांच्या झाडांचे फोटो मागितले. तीही परीक्षेला बसणार होती. मी लाल वही काढली, मागची पानं मोबाईलवर टिपली, आणि मिटताना वही पुढून उघडली गेली. आमच्या घराचं पान होतं. जुन्या काळ्या शाईत मध्ये मध्ये ताजी निळी शाई दिसली. माझ्या नवऱ्याच्या नावाच्या आधी, उपसर्ग बसतो त्या जागी, माझं नाव. मामांच्या नावाच्या आधी आत्याबाईंचं. मामांच्या वडिलांच्या नावाच्या आधी मामांच्या आईचं. आणि आजोबांच्या नावाच्या आधी नुसती एक आडवी रेघ.

वही घेऊन मी ओट्यावर गेले. रेघेवर बोट ठेवलं.

"ती माझी आजी," मामा म्हणाले. "मी धा वर्षांचा होईस्तोवर तिनंच सांभाळलं. आम्ही तिला माय म्हणायचो. गाव तिला अमक्याची माय म्हणायचं. नाव कधी कुणी घेतलंच न्हाई. चौघांना फोन करून इचारलं, कुणालाच ठावं न्हाई."

साऱ्या दुनियेला कुणापैकी विचारणारा माणूस हे सांगताना माझ्याकडं बघत नव्हता. माझं नाव पाहून मला झालेला आनंद त्या रेघेपाशी येऊन थांबला आणि मला रडू आलं. रडू दिसू नये म्हणून मी भांडणाचा सूर लावला.

"बायका लिहायला घेतल्या तर वही पुरत न्हाई, असं म्हणला होता तुम्ही."

"न्हाईच पुरत," मामा म्हणाले. "किनवटहून येताना दुसरी आण."